रानातली कौशल्ये शिकवताना निसर्गाचे नियम आधी सांगावेत का?

मूळ मत:
शेकोटी पेटवणे, चाकूने काठी तासणे, फांद्यांचा निवारा उभारणे हे मुलांनी जरूर शिकावे. परंतु ज्या मुलाला जिवंत आणि वाळलेली फांदी यांतला फरक सांगता येत नाही, त्याच्या हाती चाकू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते, त्यामुळे खोडाभोवती सालीचा पूर्ण वेढा निघाला की बहुतेक झाडे हळूहळू मरतात. शिबिर संपेपर्यंत मात्र झाड हिरवेच दिसते, आणि आपण काय केले हे मुलाला कळतच नाही.

प्रतिसाद १ (असहमत):
आपला हेतू पटतो, क्रम पटत नाही. आधी मनाईची यादी ऐकलेले मूल रानात अंग चोरून वावरते. उलट स्वतः काटक्या गोळा करून, ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत गेला की हिरवी फांदी वाकते आणि वाळकी कट्कन मोडते, हे त्याला न सांगता उमगते. आदर अशा ओळखीतून येतो.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
धुराचे उदाहरण मला मान्य आहे. पण ज्या चुकांचा चटका मुलाला बसतच नाही, त्यांचे काय? ओढ्यात साबणाने भांडी घासली तर त्रास पाण्यातल्या किड्यांना आणि माशांना होतो. म्हणून विघटनशील साबणसुद्धा पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर वापरावा, हे सांगावेच लागते. मुळांवर शेकोटी पेटवली तर विस्तव जमिनीखाली धुमसत राहू शकतो. हे अनुभवाने शिकू द्यायचे का?

प्रतिसाद २ (दोघांशी अंशतः असहमत):
पडलेले लाकूड कोणाच्याच उपयोगाचे नसते, असे आपण दोघेही गृहीत धरत आहात. कुजत्या ओंडक्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, बुरशी त्याची माती करते. म्हणून प्रत्येक मुलाला वेगळी शेकोटी देण्याऐवजी गटाला एकच, लहान, आधीच्या राखेच्या जागी पेटवू द्यावी आणि ओंडक्यांना हात न लावता मनगटाहून बारीक काटक्याच वापराव्यात.

प्रतिसाद १ चे उत्तर:
एका शेकोटीभोवती दहा मुले बसली तर पेटवणार एकजण आणि बाकीचे पाहणार. याला मी सराव म्हणणार नाही. हवे तर पाळीपाळीने पेटवू द्या, पण विझवण्याचे काम प्रत्येकाकडून करून घ्या: पाणी ओतणे, ढवळणे, पुन्हा ओतणे आणि राख हाताला गार लागेपर्यंत जागा न सोडणे.