रोमन लोकांचं ‘न्याय्य युद्ध’ खरं होतं का नुसती फेकाफेकी?

राजारामपुरीचा अभ्यासू
मंडळी एक शंका हाय. यूपीएससीच्या एथिक्सचा पेपर करतोय आणि सिसेरो या रोमन विचारवंतापाशी अडकलोय. म्हणे रोमन लोक कारण न्याय्य असलं तरच लढायचे, आधी मागणी, मग मुदत, मग घोषणा. आरं मग एवढं साम्राज्य झालं कसं? काल रंकाळ्यावर दोस्तासंगं वाद झाला, तो म्हणतोय सगळी थाप. कोण नीट सांगंल काय?

भाला_फेक
दोस्त निम्मा बरोबर हाय भावा. फेतियाले म्हणून पुरोहित असायचे, ते शत्रूच्या हद्दीवर जाऊन भरपाई मागायचे, लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या वर्णनात ३३ दिवसांची मुदत येते, ती संपली आणि रोममध्ये ठराव झाला की हद्दीत भाला फेकायचा, झालं युद्ध सुरू. पण रोमशी लढलेला ग्रीक राजा पिऱ्हस पडला समुद्रापलीकडचा, भाला फेकणार कुठं? तर म्हणे त्याच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमीन विकत घ्यायला लावली आणि तीच शत्रूची हद्द धरून तिथं फेकला. कागद पूर्ण, बास.

जुना मास्तर
हसा खुशाल, पण सिसेरो एवढ्यावर थांबत नाही. इ.स.पूर्व ४४ मध्ये तो मुलाला उद्देशून लिहितो की वाद बोलून मिटतो नाहीतर बळानं, बळ जनावराचं, म्हणून बोलणं खुंटल्यावरच शस्त्र. तटाला ओंडक्याची धडक बसल्यावर शत्रू शरण आला तरी त्याला अभय द्या म्हणतो. ही माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. पण रोमनांनी कोरिंथ शहर पाडल्याची हळहळ करणारा हाच माणूस कार्थेज आणि नुमान्शिया ही शहरं पाडल्याचं समर्थन करतो, आणि साम्राज्याच्या कीर्तीसाठी लढलं तरी त्याला चालतं, फक्त कारण न्याय्य पाहिजे आणि कडवटपणा कमी.

भाला_फेक
सर, रोमन सेनापती सीझरचं पण सांगा की. इ.स.पूर्व ५५ ला जर्मन टोळ्यांचे पुढारी बोलणी करायला आलेले, त्यांना अडकवून ठेवलं आणि छावणीवर हल्ला केला. त्याचा विरोधक धाकटा केटो सिनेटात म्हणाला, सीझरलाच त्या टोळ्यांच्या ताब्यात द्या! ऐकलं कुणी न्हाई.

राजारामपुरीचा अभ्यासू
आयला भारी. म्हणजे नियम होते पण सीझरला धरणारा कोण नव्हता. उत्तरात हे लिहू काय?

जुना मास्तर
लिही की. कार्निआडीस हा ग्रीक तत्त्वज्ञ पण घाल, इ.स.पूर्व १५५ ला रोममध्ये एक दिवस न्यायाच्या बाजूनं आणि दुसऱ्या दिवशी विरोधात बोलला, म्हणाला रोमनांनी खरा न्याय पाळायचा तर सगळं परत देऊन झोपड्यात राहावं लागेल. रोमन पुढारी थोरल्या केटोनं (धाकट्याचा पूर्वज) त्याला लवकर घरी पाठवा म्हणून घाई लावली होती.