बी विंगमधला आंबट वास

शनिवार

बी ३०३ वहिनी: सुप्रभात. बी विंगच्या डक्टमध्ये परवापासून काहीतरी आंबल्यासारखा वास येतोय, आज तर बाथरूमचं दार उघडवत नाहीये. मागच्या वेळेसारखं "बघतो बघतो" नको, घरात लहान बाळ आहे. कमिटीने आत्ताच्या आत्ता बघावं ही विनंती.

बी ५०३: आम्हालाही येतोय. मला वाटलं आमचंच सिंक तुंबलं, काल रात्री दोन वेळा सोडा आणि उकळतं पाणी ओतलं.

ए ५०४ काका: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? टाकी धुवायला माणूस आला होता, परत गेला.

सेक्रेटरी: वहिनी नोंद घेतली आहे. प्लंबर दहापर्यंत येतो म्हणाला.

बी ३०३ वहिनी: त्याचे दहा की आपले दहा?

ए ७०१ आजोबा: (फोटो) आज पहाटे डीपीएस तलाव. फ्लेमिंगो अजून आहेत, पावसाच्या आत एकदा नातवंडांना दाखवून आणा.

बी १०२: वा आजोबा! तो वास खाडीचा असेल हो, ओहोटीला येतोच नेरूळमध्ये.

बी ३०३ वहिनी: चौदा वर्षं राहतेय इथे, खाडीचा वास मला कळतो. आजोबा फोटो सुंदर आहे पण इथे वासाचं चाललंय.

बी ६०४ दादा: एक मिनिट, गॅस तर नाही ना? पाइपच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात. खात्री होईपर्यंत कोणी लाइट फॅनची बटणं दाबू नका, खिडक्या उघडा, मेन कॉक बंद करा. मी सिरीयस आहे.

बी २०३: अरे देवा. आम्ही आईंना घेऊन खाली आलो.

बी ५०३: आम्ही पण. कुकर अर्धा झाला होता.

ए ५०४ काका: सगळे खाली आलाच आहात तर विचारतो, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

सेक्रेटरी: काका एक एक विषय घेऊया 🙏

बी ४०३ काका: चिऊ उठलीस का? गव्हाचं पाणी बदललं का आजी विचारतेय. कालचं आंबलेलं पाणी मोरीत ओतलंस त्याचा वास घरभर झाला म्हणालीस ना, मग आज बादलीभर साधं पाणी टाक वरून. आणि दाणा दाबून बघ.

बी १०२: …

बी ४०३ काका: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

बी ६०४ दादा: काका उशीर झाला, सगळ्यांनी वाचला 😂

बी ४०३ काका: माफ करा मंडळी, फॅमिली ग्रुपवर टाकायचा होता.

बी ३०३ वहिनी: म्हणजे तीन दिवस आम्ही गव्हाचा वास घेतोय?

बी ४०३ चिऊ: सॉरी सॉरी सॉरी. ऐरोलीला सेकंड शिफ्ट होती, साडेबाराला आले नि आत्ता उठून बघते तर दीडशे मेसेज. गॅस नाहीये, प्लीज सगळे वर जा, वास माझ्याच मोरीतून आला. ३०३ वहिनी खरंच सॉरी, बाळाचं मला कळायला हवं होतं. झालं असं, की आजी दर मे महिन्यात संगमनेरहून यायची कुरडया करायला, तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आईबाबा तिकडेच आहेत, आणि फोनवर ती म्हणाली "यंदा राहू दे गं". आमची आजी कधी काही राहू दे म्हणत नाही हो. मला रात्रभर झोप नाही लागली आणि बुधवारी मी दोन किलो गहू भिजत घातले. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबायचा, टचकन पांढरं दूध बाहेर आलं की झालं. आत्ता दाबला. आलं.

बी २०३: अगं बाई! एकटी करतेयस?

बी ४०३ चिऊ: भाऊ आहे ना. तो फोन धरतो, आजी पलीकडून ओरडते.

सेक्रेटरी: प्लंबरला नको म्हणून कळवलं आहे. सर्वांनी कृपया घरी जावे.

ए ३०१ काकू: चिऊ, मिक्सरला भरपूर पाणी घालून वाट, तलम फडक्यातून तीनदा गाळ. रात्रभर हलवू नकोस, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दे, खाली घट्ट चीक राहतो. आमच्या जळगावला कुरोड्या म्हणतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी डबे भरलेले असायचे.

बी २०३: कुरडई म्हणतात हो. कुरोडी काय.

ए ३०१ काकू: तुमच्याकडे म्हणत असतील. जेवढा चीक तेवढंच पाणी घे चिऊ.

बी २०३: दीडपट! कमी घेतलं तर सोऱ्यातून निघता निघत नाही.

ए ३०१ काकू: दीडपट घेतलं की ताटात पसरते. असो. ज्याची त्याची पद्धत.

बी १०२: आम्हा कोकणातल्यांना फणसाचे पापड पाठवा कोणीतरी, भांडण मिटेल.

बी ५०३: मुद्द्याचं बोलू का? गच्चीवर वाळवण घालायचं नाही असा ठराव झालाय, वॉटरप्रूफिंगच्या वेळी. माझ्या घरात लिकेज होतं तेव्हा कोणी आलं नव्हतं. मुलीबद्दल काही नाही माझं, पण नियम सगळ्यांना सारखा हवा.

बी ६०४ दादा: ३१ डिसेंबरला गच्चीवर स्पीकर लावलेला चालला, दोन किलो कुरडई नाही चालत?

बी ५०३: ती परवानगी लेखी होती.

बी ६०४ दादा: हो हो. कोणाच्या सहीची होती तेही माहितीये.

सेक्रेटरी: जुना विषय नको 🙏 ठराव खिळे ठोकणे आणि सामान ठेवणे याबद्दल आहे, मी मिनिट्स काढून बघितल्या. प्लास्टिकचा कागद अंथरून वाळवायला हरकत नाही.

ए ५०४ काका: पण गच्ची उघडणार कशी? किल्ली कोणाकडे आहे?

बी ४०३ चिऊ: ५०३ काका मी दोन जाड कागद टाकते, एक थेंब सांडणार नाही, संध्याकाळी पुसून देते. आणि उद्या साडेपाचला चीक शिजवणार आहे. ज्यांना ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला त्यांनी वाटी घेऊन या, गरम चीक, दूध साखर किंवा तूप, जे आवडेल ते.

बी ५०३: तूप.

रविवार

बी ४०३ चिऊ: कोणी उठलंय का? प्लीज. पाण्याला उकळी आलीये, मीठ हिंग घातलंय, चीक ओतताना दुसऱ्या हाताने सतत घोटायचं असतं आणि भाऊ झोपेत आहे. गाठी झाल्या तर सगळं गेलं.

बी ३०३ वहिनी: आले. बाळ यांच्याकडे दिलंय. दार उघड.

ए ३०१ काकू: मी पण निघाले. पाणी किती घेतलंस?

बी ४०३ चिऊ: सव्वापट काकू.

सेक्रेटरी: किल्ली वॉचमनने कबुतरांची जाळी लावणाऱ्याला दिली होती, त्याच्याकडून आणली. गच्ची उघडली आहे.

ए ५०४ काका: मग काल तीन वेळा विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? तोच तर माझा मुद्दा आहे. टाकीचा माणूस परत गेला.

बी ३०३ वहिनी: ग्रुपला सांगते, एकही गाठ नाही. आधी दुधासारखं पांढरं होतं, मग एकदम काचेसारखं झालं, पळी उचलली तर ताणून खाली आलं. माझा दंड भरून आलाय. हिची आजी व्हिडिओवर मला "सूनबाई जोरात घोट" म्हणाली. मी त्यांना ओळखतही नाही, घोटलं जोरात.

बी ५०३: चीक छान झालाय. दुसरी वाटी मिळेल का?

बी ४०३ चिऊ: (फोटो) पहिली कुरडई. वाकडी आहे पण आहे. सोऱ्या आजीचाच, पितळेचा, मूठ इतकी गुळगुळीत झालीये की तूप लागल्यावर हातात राहत नाही. आजी म्हणाली पहिला वेढा मधून सुरू कर आणि हात थांबवू नकोस, हात थांबला की तुटते. बाराव्या कुरडईपासून गोल यायला लागल्या.

बी ४०३ काका: आजी फोटो झूम करून मोजतेय. म्हणते कडेची पाचवी जाड झाली, ती उशिरा वाळेल. आणि मग डोळे पुसले तिने. यावेळी मुद्दाम इथेच टाकलंय.

ए ७०१ आजोबा: कावळ्यांची काळजी नको, काठी घेऊन बसलोय. दुर्बीण पण आणलीये.

बी १०२: इथली हवा दमट, संगमनेरसारखं एका दिवसात नाही होणार, तीन उन्हं तरी लागतील. आणि आभाळावर लक्ष ठेवा, मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून पण २०२५ ला २६ मेलाच आला होता.

बी २०३: शुभ बोल की रे.

बी ५०३: मी चारला वर गेलो होतो, फरशी कोरडी आहे. नोंद म्हणून सांगतोय.

ए ५०४ काका: किल्लीचं रजिस्टर ठेवा अशी सूचना मी मागच्या सभेत केली होती, पुन्हा करतो. कोणी नेली, किती वाजता, सही.

सेक्रेटरी: मान्य काका. उद्यापासून.

ए ५०४ काका: उद्यापासून नको, आजपासून

ए ७०१ आजोबा: पारसिक डोंगरावर काळं आलंय. वारा फिरला.

ए ७०१ आजोबा: चिऊ बाळा धाव, थेंब पडला

बी ४०३ चिऊ: निघाले!!! लिफ्ट खाली आहे, जिन्याने येतेय, कोणीतरी कागद धरा, गुंडाळू नका, ओल्या आहेत, चिकटतील, आडवाच उचला

बी ३०३ वहिनी: पोचले

बी ५०३: मी इथेच आहे. चार कोपरे, चार माणसं हवीत.

ए ५०४ काका: आलो. कुठला कोपरा धरू?