मदत हवी आहे: व्हॅनमध्ये राहायचंय, सामान कसं लावू?

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं गोव्यातल्या पेडण्याचे, जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन आत पलंग, ओटा वगैरे करून घेतलाय आणि पाऊस गेला की काणकोणापर्यंत रमतगमत जायचा बेत आहे. शनिवारी मांद्र्याला ट्रायल म्हणून एक रात्र काढली तर नुसता फज्जा, वळणावर कपाट उघडून डबे खाली आणि कोकमाचं आगळ सांडलं ते थेट गादीपर्यंत, वास अजून जात नाही. कपाटाला पुश-लॉक लावू का मॅग्नेट पुरतं? डब्यांखाली आता अँटी-स्लिप मॅट टाकलीय.

खरा त्रास दमटपणाचा. सकाळी गादीखाली ओलं, म्हणून फळ्यांमध्ये फटी ठेवणार आहे, पण ते कॅल्शियम क्लोराईडचे पाणी ओढणारे डबे आपल्या हवेत किती दिवस टिकतात? छताला १२ व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन, खिडक्यांना मॅग्नेटची मच्छरदाणी, एवढं बास का?

बॅटरी १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर) लिथियम आहे, म्हणजे साधारण १.२ युनिट, त्यावर इंडक्शन नको हे कळलं, पण ४५ वॅटचा छोटा फ्रिज रात्रभर चालेल ना? बांगडे ठेवायचेत हो, थट्टा नाही. स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा प्लीज.