माझं मत खरंच माझं आहे का? की कोणीतरी डोक्यात ठेवून गेलंय?

आडवा_प्रश्न (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात दादाशी कडाक्याचं भांडण झालं. विषय मुद्दामच सांगत नाही, नाहीतर इथे तेच सुरू होईल. तर भांडता भांडता मी एक वाक्य फेकलं, एकदम टाळीचं, आणि तोंडातून बाहेर पडता पडताच लक्षात आलं की हे माझं नाहीच, आदल्या रात्री एका रीलमधे ऐकलेलं आहे. "मुळात प्रश्न असा आहे की..." ही सुरुवात तीच, मधे थांबायची जागासुद्धा तीच. दादाने जे उत्तर दिलं तेही आधी ऐकल्यासारखं वाटलं. म्हणजे दोन रील एकमेकींशी भांडत होत्या आणि आम्ही दोघं भाऊ नुसते स्पीकर!

झोप लागेना म्हणून एक उद्योग केला. वहीत माझी पंधरा ठाम मतं लिहिली आणि प्रत्येकासमोर लिहायला घेतलं की हे कुठून आलं. दोन स्वतःच्या अनुभवातून, दोन बाबांकडून, उरलेल्या अकरांसमोर "माहीत नाही". आणि गंमत म्हणजे ह्या अकरांवरूनच मी सगळ्यात जास्त तावातावाने भांडतो.

जानेवारी २०१२ मधे फेसबुकने ६,८९,००३ लोकांची फीड आठवडाभर गुपचूप बदलून पाहिली होती, कोणाला आनंदी पोस्ट कमी दाखवल्या कोणाला दुःखी, आणि बघितलं की लोक स्वतः काय लिहितात. लोकांना पत्ताच नाही. २०१४ मधे शोधनिबंध छापला तेव्हा कळलं. म्हणजे आपल्या डोक्याची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे आणि आपण कुलूप मिरवतोय. माझं म्हणणं सरळ आहे, हे सगळं बंद करायचं, एकट्याने बसायचं आणि स्वतःचा विचार स्वतः करायचा. पटतंय का?

टवाळकी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

खडूस_मास्तर

पॉपकॉर्नवरून बरं आठवलं. १९५७ मधे अमेरिकेत जेम्स विकारी नावाच्या मार्केटिंगवाल्याने जाहीर केलं की सिनेमा चालू असताना पडद्यावर डोळ्याला दिसणारही नाही इतका वेळ "पॉपकॉर्न खा" असं झळकवलं आणि विक्री वाढली. केवढी घबराट! पाच वर्षांनी, १९६२ मधे, गडी स्वतःच कबूल झाला की तो सगळा गिमिक होता, धड डेटाच नव्हता. पण "छुप्या संदेशाने मन ताब्यात घेतात" हे लोक अजून सांगतात.

दुसरं उदाहरण सीआयएचं. १९५३ पासून एमके-अल्ट्रा नावाने माणसांवर प्रयोग केले, एलएसडी (भास घडवणारं ड्रग) दिलं, काहींना तर न सांगता दिलं, त्यात माणसं बरबाद झाली, आणि १९७३ मधे बहुतेक कागदपत्रं नष्ट केली. एवढा पैसा, एवढी क्रूरता, आणि हातात काय आलं? माणूस मोडता येतो हे कळलं. माणसाचं मन चालवणारं बटण काही सापडलं नाही.

आणि तुमच्या फेसबुकच्या प्रयोगात फरक किती पडला हे का नाही लिहिलंत? हजार शब्दांमागे साधारण एक भावनेचा शब्द इकडचा तिकडे. एक!

राहता राहिलं तुमचं उसनं वाक्य. अहो भाषाच उसनी आहे. बोलायला लागलो तो पहिला शब्दही कोणीतरी तोंडात घातलेलाच होता. आयुष्यात एकही विचार आयात न केलेला माणूस दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. तुमचं दुःख गुलामीचं नाहीये, ओरिजिनल नसल्याचं आहे.

आडवा_प्रश्न

मास्तर, लागलं थोडं पण ठीक आहे. बटण नाही हे मान्य. पण बटण लागतंच कुठे? खांद्यावर बकरी घेऊन चाललेल्या माणसाची आणि तीन ठगांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय. पहिला म्हणतो कुत्रं काय उचललंय, दुसरा तेच, तिसरा तेच, आणि हा बकरी टाकून पळतो. ना औषध ना मशीन, फक्त तीन तोंडं.

सॉलोमन अ‍ॅश ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या आसपास हीच गोष्ट प्रयोगात करून दाखवली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं. पोरसुद्धा सांगेल इतकं सोपं. पण खोलीत एकजण सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं सांगणार. तर अशा फेऱ्यांमधे त्या बिचाऱ्याची एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं चुकली आणि दर चारातले तीनजण एकदा तरी घसरले. रेघ डोळ्यासमोर असताना!

खडूस_मास्तर

म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर आली, सगळी खोली विरोधात असूनही, आणि चारातला एक तर एकदाही हलला नाही. आकडे तेच आहेत हो, तुम्ही टाकलेल्या बकऱ्या मोजताय आणि मी घरी पोचलेल्या.

बाकी मला चीड येते ती "ब्रेनवॉश" ह्या शब्दाची. एडवर्ड हंटर नावाच्या पत्रकाराने १९५० मधे तो इंग्रजीत रूढ केला. मग कोरियन युद्ध संपल्यावर कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी घरी जायला नकार दिला आणि अख्खा देश हादरला, ह्यांची मनं धुतली म्हणे. हजारो परत आले ते कोणाच्या लक्षात नाही. आता तर समोरच्याला माझं पटलं नाही की तो ब्रेनवॉश्ड, मला त्याचं पटलं नाही की मी स्वतंत्र विचारांचा. फार सोयीचा शब्द आहे, वाद घालायचे कष्टच वाचतात.

रातकिडा

खूप दिवसांनी लिहितेय. मास्तर, तुमचं बरंचसं पटलं पण एक सांगते.

मी पावणेतीन वर्षं एका गटात होते. नाव विचारू नका. कोणी कोंडलं नव्हतं, दार उघडंच असायचं. पहिले काही महिने तर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकतंय असं वाटायचं. मग एक वही मिळाली. मनात शंका आली की ती लिहायची आणि रविवारी मोठ्या ताईंना दाखवायची. त्या रागवायच्या नाहीत, उलट डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ही तू नाहीस, तुझा थकवा बोलतोय." आणि थकवा होताच, पहाटे चारला उठायचं आणि रात्री बारापर्यंत काम, कोण नाही थकणार? काही महिन्यांत माझी वही कोरी राहायला लागली. मी खूश, ताई खूश. शंका संपल्या असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी त्या लिहायच्या आधीच, म्हणजे नीट मनात यायच्याही आधी पुसायला शिकले होते. ते पुसणं कसं असतं सांगू? जीभ दुखऱ्या दाताला लागणार एवढ्यात मागे घेतो ना आपण, तसं. कळतही नाही आपण घेतली ते.

नंतर वाचताना कळलं की रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या "विचारसुधारणेतून" (लोकांची मतं सक्तीने बदलायची कम्युनिस्ट मोहीम) बाहेर पडलेल्या लोकांशी बोलून १९६१ मधेच ह्याची आठ लक्षणं मांडली होती. सतत कबुली देत राहणं हे त्यातलं एक, गटाची स्वतःची ठराविक भाषा हे दुसरं. वाचून रडले, कारण मला वाटायचं मीच एकटी मूर्ख.

तर बटण नसतं, बरोबर. पण हजार शब्दांमागे एक शब्द रोज हलवला तर पावणेतीन वर्षांत किती होतात?

टवाळकी

रातकिडा ताई, पॉपकॉर्न बाजूला ठेवला. बाहेर कशा पडलात? सांगायचं नसेल तर राहू दे.

रातकिडा

सांगते की. काही मोठं नाही झालं. एका मोठ्या बैठकीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी पुढे बघत, ओठही न हलवता म्हणाली, "तुलापण हे पटत नाहीये ना?" बस. मी उत्तर पण नाही दिलं. पण त्या रात्री वही कोरी राहिली नाही, आणि रविवारी ती दाखवलीही नाही.

धागाकर्त्यांना म्हणून सांगतेय, एकट्याने बसून स्वतःचा विचार वगैरे करू नका. मी एकटीच बसायचे. एकट्या डोक्यात ताईंचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा होता.

काळा_कोट

अ‍ॅशच्या प्रयोगाचा पुढचा भाग कोणी लिहिलाच नाही आणि तो नेमका हाच आहे. पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तर चुकांचं प्रमाण धाडकन खाली येतं, पाच टक्क्यांच्या आसपास. एक माणूस पुरतो. ठगांच्या गोष्टीत वाटेत कोणी "काय राव, बकरी कितीला घेतली" एवढं जरी म्हटलं असतं तरी गोष्ट तिथेच संपली असती.

आता माझ्या धंद्यातलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १८ मधे विचारस्वातंत्र्य आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात तर ते इतकं पक्कं आहे की आणीबाणीतही त्याला हात लावता येत नाही. बोलण्यावर बंधनं घालता येतात, मनात काय आहे त्यावर नाही. ऐकायला भारी, पण तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललेलं की डोकं ही बंद पेटी आहे, आत कोण बघणार? आता बघतात. चिलीने २०२१ मधे मेंदूच्या हालचाली आणि त्यातून निघणारी माहिती जपायची तरतूद घटनेत घातली आणि २०२३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका कंपनीला माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मधे सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग चालणार नाही. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२५ पासून माणसाला नकळत वळवून त्याचं मोठं नुकसान करणाऱ्या एआयवर बंदी आणली.

पण कायदा जबरदस्तीपासून वाचवतो. मन वळवण्यापासून वाचवायला गेला तर प्रत्येक भाषण गुन्हा ठरेल. रातकिडांच्या ताईंवर मी कोणतं कलम लावू? डोक्यावरून हात फिरवला हे?

खडूस_मास्तर

कोट साहेब, ह्याच्याही पुढची भीती आहे. "ह्याचं मन ह्याचं राहिलं नाही" असं ठरवायचा अधिकार एकदा का कोणाला दिला की संपलं. सोव्हिएत रशियात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना "संथ गतीचा स्किझोफ्रेनिया" झालाय म्हणून वेड्यांच्या इस्पितळात टाकायचे, आणि "सुधारणेचा भ्रम" हे त्याचं लक्षण मानायचे. तिथेही "ही तू नाहीस, तुझा आजार बोलतोय" हेच! म्हणजे रातकिडांच्या ताईंची युक्ती, फक्त पांढरा कोट घालून. (तुमचा काळा, गैरसमज नको.)

रातकिडा, तुमच्या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही. रोज एक शब्द, हे मी धरलंच नव्हतं.

सुमी_सातवी

मी लहान आहे इथे, बोलू का? सगळे मतांबद्दल बोलताय, पण माझ्या बाबतीत मत नंतर येतं, आधी विषय येतो. मी सकाळी ठरवून उठते की आज अमुक बघायचंय आणि अर्ध्या तासाने मी अशा माणसावर चिडलेली असते ज्याचं नावही काल मला माहीत नव्हतं. त्याच्याबद्दलचं मत माझं स्वतःचं असतं हो, नीट विचार करून बनवलेलं. पण त्याच्यावर विचार करायला मला सांगितलं कोणी? खाली खाली सरकवत राहायचं, पानाला शेवटच नाही, हे डिझाईन २००६ मधे अझा रास्किनने काढलं आणि नंतर त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. पानाला शेवट होता तेव्हा निदान तिथे पोचल्यावर "पुरे" म्हणायची जागा तरी होती.

आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की ती खरी वाटायला लागते, हे १९७७ पासून प्रयोगात दिसलंय. उत्तर आधी माहीत असलं तरी आपण फसू शकतो. त्यामुळे "मी हुशार आहे, मला काही होत नाही" वाल्यांची मला जास्त काळजी वाटते. मास्तर, तुम्हाला नाही म्हणतेय.

खडूस_मास्तर

मलाच म्हणालीस. असू दे.

आडवा_प्रश्न

सगळं दोनदा वाचलं. एकट्याने बसायचं हे माझं मत मागे घेतो, त्याच्यासमोर पण "माहीत नाही"च लिहावं लागलं असतं.

रातकिडांचं वाचून काल रात्री दादाला फोन केला. म्हटलं भांडायला नाही केला, फक्त एवढंच सांग की तू जे म्हणालास ते तुझ्या डोक्यात आलं कुठून, रील की व्हॉट्सअ‍ॅप? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे गाढवा, दोन वर्षांपूर्वी गच्चीवर तूच मला रात्रभर पटवत होतास. मी तेव्हा मानलं नव्हतं. नंतर विचार केला तर पटलं."

मला आठवतही नव्हतं. म्हणूनच ते ऐकल्यासारखं वाटलं होतं, माझ्याच तोंडून ऐकलेलं!

टवाळकी

मग भाऊ, भांडण जिंकलं कोणी?

आडवा_प्रश्न

रविवारी येतोय तो. म्हणाला वही काढून ठेव.