सोडण्याआधी कारण दूर व्हायला हवे

पिंजऱ्यात पुरेशी पिल्ले वाढवून सोडली की नामशेष होत चाललेली पक्ष्यांची जात वाचते, हा मुद्दा मला अर्धाच बरोबर वाटतो. १९८७ मध्ये उरलेले सर्व २७ कॅलिफोर्निया कॉन्डॉर (मेलेली जनावरे खाणारे, गिधाडासारखे मोठे अमेरिकी पक्षी) बंदिस्त झाले होते. पहिले अंडे काढून घेतल्यास मादी बहुधा दुसरे घालते, या गुणाचा उपयोग करून त्यांची संख्या वाढवली गेली आणि पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्याच्या आकाराच्या हातबाहुलीने भरवले गेले. (युक्ती चतुर खरी, परंतु प्रौढ पक्ष्यांच्या सहवासात पिल्ले जे शिकतात ते बाहुली शिकवू शकत नाही.) १९९२ पासून त्यांना मोकळ्या रानात सोडण्यास सुरुवात झाली, विजेच्या खांबांवर बसू नये याचेही प्रशिक्षण देण्यात आले, तरीही मेलेल्या जनावरांतील बंदुकीच्या शिशाच्या कणांमुळे होणारी विषबाधा हेच त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण राहिले आहे.

भारतातील गिधाडांची गोष्टही वेगळी नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरले, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या त्याच औषधाचा गुरांवर गैरवापर होत राहिला. मोठी गिधाडे वर्षाला एकच अंडे घालतात. त्यामुळे प्रौढ पक्ष्यांच्या मृत्युदरातील थोडी वाढसुद्धा प्रजनन केंद्राची अनेक वर्षांची मेहनत वाया घालवू शकते. म्हणून किती पक्षी सोडले यापेक्षा त्यांपैकी किती पक्ष्यांनी रानात स्वतः पिल्ले वाढवली, हा आकडा मी आधी विचारेन.