आयबीएस आहे हे दुकानात आणि पाहुण्यांत कुठल्या शब्दांत सांगू? (सांगली)

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसता वाचतोय, लिहायचं धाडस आज करतोय. वय ३६, सांगलीतच राहतो. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात अकरा वर्षं दिवाणजी आहे.

तीन वर्षांपासून पोटाचा त्रास. सकाळी घर सोडेपर्यंत तीन-चार वेळा जावं लागतं, तरी पोट साफ झालंय असं वाटत नाही. आधी बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आलं की तासभर बरं. पोट फुगून गच्च होतं. रात्री मात्र झोपेतून उठावं लागत नाही, वजन उतरलेलं नाही, रक्त कधी पडलं नाही. मिरजेला पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, शेवटी दुर्बीण टाकूनही पाहिलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडं धडधाकट आहे, पण त्याचा आणि मेंदूचा मेळ बिघडलाय. इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसने तुम्हाला कळ येते. जिवाला धोका नाही, याचा पुढे कॅन्सर होत नाही. ऐकून त्या दिवशी खूप हलकं वाटलं. पण रिपोर्ट नॉर्मल आहेत हेच आता मला नडतंय.

हळदीचा हंगाम सुरू झाला की सौदे दुकानादुकानाने फिरत येतात. आमच्या दुकानासमोर आले की खरेदीदार भोवती गोळा होतात, पोत्यातला नमुना हातावर घेऊन बघतात, बोली लागते आणि मी वहीत भाव लिहायचा. त्या वेळी जागेवरून हलता येत नाही. आणि हलता येणार नाही असं मनात आलं की नेमका मुरडा सुरू होतो. रविवारी हाच प्रकार निम्म्यानेही नसतो.

मार्चमध्ये जतकडच्या एका शेतकऱ्याच्या मालावर बोली चालू होती. मला थांबवेना. वही हमालाच्या हातात दिली आणि पळालो. परत आलो तोवर दोन ढिगांचे भाव उलटसुलट लिहिले गेले होते. नऊ महिने पीक सांभाळून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेला माल त्या माणसाचा, आणि त्याचा भाव माझ्या वहीत दुसऱ्याच्या नावावर. खरेदीदाराच्या चिठ्ठीवरून तासाभरात दुरुस्त झालं, नुकसान कुणाचं झालं नाही. पण शेतकऱ्याचं तोंड मला अजून दिसतं. शेठ एवढंच म्हणाले, "तुझं हे रोजचंच झालंय."

माझी अडचण शब्दांची आहे. पोट बिघडलं म्हणजे आपल्याकडे दोन दिवसांची गोष्ट. तीन वर्षं तेच सांगणारा माणूस कामचुकार वाटतो. आयबीएस म्हटलं की "म्हणजे गॅसच ना? ओवा खा." आजीला सांगायला गेलो तर ती "संग्रहणी" म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या माहेरचं एक माणूस संग्रहणीने गेलं होतं.

पाहुण्यांकडे जाणं जवळजवळ बंद केलंय. ताटात काही टाकलं की घरच्या बाईला वाईट वाटतं, खाल्लं तर तिच्याच घरचं संडास अडवून बसायचं. दूध, डाळी, पालेभाज्या, फळं, गहू, सगळं एकेक करत सोडलं. भात आणि ताकावर आहे. डॉक्टरांनी झोपताना घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली होती. मेडिकलवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "झोप लागत नाही का, डिप्रेशन आहे का?" पाकीट घरी तसंच पडून आहे.

यातून गेलेल्यांनी सांगा: शेठना काय सांगू? पुढच्या महिन्यात विट्याला मावसभावाचं लग्न आहे, तिथे काय करू?

प्रतिसाद, साताऱ्याहून

दादा, मी शाळेत शिकवते, मला हे नऊ वर्षं आहे. आजाराचं नाव सांगत बसू नका, गरज सांगा. मी मुख्याध्यापकांना म्हटलं होतं, "सर, मला कधीही अचानक दहा मिनिटं लागतात. परवानगी मागायला वेळ नसतो. तेवढ्यात वर्ग कोण बघेल ते मी आधीच ठरवून ठेवते." त्यांनी आजाराचं नावही विचारलं नाही. तुमची चूक पळण्यात नव्हती, वही कुणाच्या हातात द्यायची ते आधी ठरलेलं नव्हतं. दुकानातल्या एखाद्या पोराला भाव लिहायला शिकवा. आणि बघा, सुटका आहे हे कळलं की मुरडाच कमी येतो. माझ्या पहिल्या तासाला हेच झालं.

लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीतून जाऊ नका, स्वतःच्या गाडीने जा. घरून थोडं खाऊन निघा, पंगतीला बसा, वरण-भात-तूप घ्या. बसलात एवढ्यावर लोक खूश असतात. लांबच्या प्रवासाआधी मी लोपरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, घेते, पण डॉक्टरांना विचारून आणि रोज नाही. माझ्या आईलाही सुरुवातीला हे झेपलं नव्हतं.

प्रतिसाद, मिरजेहून

भात-ताकावर राहू नका, अशक्तपणा येईल. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने बसवलेली फॉडमॅपची पद्धत यासाठीच आहे, पण ती कायमची नाही. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, गॅस करणाऱ्या साखरा. दोन ते सहा आठवडे ठरावीक पदार्थ बंद, मग एकेक परत सुरू करून नेमकं काय सोसत नाही ते शोधायचं. लोक पहिल्या टप्प्यातच अडकून बसतात, तुमचं तसंच झालंय. शक्यतो आहारतज्ज्ञाला सोबत घेऊन करा.

सगळ्यात आधी घरचा कांदा-लसूण मसाला बघा. आपल्याकडे तो प्रत्येक कालवणात असतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. कांद्या-लसणातला त्रास देणारा घटक, फ्रुक्टन, पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून लसूण तेलात तळून काढून टाका आणि त्याच तेलाची फोडणी द्या, चव येते. मला स्वतःला ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा बरी सोसते. ताकात दुधाची साखर असते, त्याचाही अंदाज घ्या. इसबगोल चालतं, थोडं-थोडं वाढवत न्या. गव्हाचा कोंडा मात्र बऱ्याच जणांना त्रास वाढवतो.

गोळीबद्दल तळमळीने सांगतो. डिप्रेशनसाठी ती यापेक्षा बऱ्याच मोठ्या डोसमध्ये देतात. इतक्या कमी डोसमध्ये ती आतड्याच्या नसा शांत करते, आतड्याचा वेगही थोडा मंदावते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर याची चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा हिचा गुण जास्त आला. तोंड कोरडं पडतं, सुरुवातीला सकाळी सुस्ती राहते. डॉक्टरांशी पुन्हा बोला, मेडिकलवाल्याशी नको. आणि पुढे कधी रक्त दिसलं, वजन उतरलं, रात्री जुलाबाने जाग आली किंवा हिमोग्लोबिन घसरलं, तर "आयबीएसच आहे" म्हणत थांबू नका.

धागाकर्ता, दहा दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी दुकान बंद करताना शेठना ताईंच्याच शब्दांत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं दुसरीकडे काम बघतोयस." आता त्यांचा पुतण्या सौद्याला दुसरी वही घेऊन माझ्या शेजारी उभा राहतो. या आठवड्यात एकदाच जावं लागलं.

डॉक्टरांना फोन करून गोळी सुरू केली. बायकोने कांदा-लसणाशिवाय वेगळं तिखट कुटलंय. विट्याला मोटरसायकलने जाणार, तासगावात एक मित्र आहे, वाटेत त्याच्याकडे थांबेन.

आजीचं मात्र अजून राहिलंय. रोज माझ्या ताटाकडे बघते आणि पदर डोळ्यांना लावते. ताई, तुम्ही तुमच्या आईला हे सांगताना कुठला शब्द वापरला होता?