फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये सायकल
'जंगलात दिसेल त्या वाटेवर सायकल घालता येते का?' असं एकाने विचारलं होतं, त्याला हे उत्तर. इंग्लंडमध्ये 'फुटपाथ'वर, म्हणजे रानातल्या फक्त पायी चालायच्या वाटेवर, तसा हक्क नाही. ब्रिडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीही असलेल्या वाटेवर, तो १९६८च्या कायद्याने मिळाला, पण पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची.

वाय आणि सेव्हर्न नद्यांमधल्या या जंगलात पहिल्यांदाच जाणार असाल तर जंगलातल्या कॅनप सायकल केंद्राहून व्हर्डरर्स ट्रेल ही सायकलवाट घ्या, साधारण ११ किलोमीटर. पावसानंतर झाडांची मुळं साबणासारखी गुळगुळीत होतात. ब्रेक मुळांच्या अलीकडेच दाबा, त्यांच्यावर चाक सरळ जाऊ द्या. मे महिन्यात कडेला ब्लूबेल्स ही निळी रानफुलं फुललेली असतात. चिखल चुकवायला त्यांच्यात चाक घालू नका, कळकळीची विनंती! तुडवलेली झाडं सावरायला वर्षं लागतात. चिखलातूनच जा, सायकल धुता येते.